मतदानाआधीची निवडणूक



अंकाची बैठक नेहमी माझ्या घराच्या सोप्यात भरते. मंगळवार पेठेतलं जुनं घर, अगदी रस्त्याला लागून. त्यामुळे कुठल्या तालमीत काय शिजतंय, कुणाच्या दारात कुणाच्या गाड्या उभ्या आहेत, चौकात कुठला नवा बोर्ड चढलाय, हे न विचारताच कळतं. या वेळी बैठकीला येणारी प्रत्येकजण उंबऱ्यातच विचारत होती, ‘बोर्ड बघितलास का?’

बोर्ड बघितला होता. मिरजकर तिकटीकडे जाताना नजर चुकवावी म्हटलं तरी चुकत नाही एवढा मोठा. मधोमध हात जोडलेले एक गृहस्थ, खाली ‘भावी आमदार’ अशी ठळक अक्षरं आणि त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे, तीन ओळींत. मी मोजले. सत्तावीस. सगळे पुरुष. बाई एकच, वरच्या डाव्या कोपऱ्यात, ती म्हणजे अंबाबाई!

महापालिकेची निवडणूक २०२६ च्या १५ जानेवारीला झाली. तिचा गुलाल धुऊन निघायच्या आत ही तयारी. विधानसभा २०२९ मध्ये. मग आत्तापासून त्यावर अग्रलेख कशाला, असं आमच्यातल्याच दोघींनी विचारलं. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. बोर्ड लावणाऱ्या त्या गृहस्थांना एक गोष्ट पक्की माहीत आहे, जी आपण दर खेपेला विसरतो. आमदार मतदानाच्या दिवशी ठरत नाही. त्या दिवशी आपण, आधीच कुणीतरी निवडून ठेवलेल्या दोघा-तिघांतला एक निवडतो. खरी चाळण आधी होऊन गेलेली असते, आणि त्या चाळणीच्या वेळी आपण कुठे असतो? सभेला खुर्च्या मांडत, नाहीतर घराघरांत चिठ्ठ्या वाटत.

आमच्या घरापासून थोडं पुढे राहणारी एक मैत्रीण आहे. तिचं नाव देत नाही, तिच्या पक्षाचंही नाही. एक तर तिनंच तसं सांगितलंय, आणि दुसरं म्हणजे तिथे कुठल्याही पक्षाचं नाव घातलं तरी गोष्ट बदलणार नाही. वीसहून जास्त वर्षं ती पक्षाच्या महिला आघाडीत आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तिनं पूरग्रस्तांसाठी रोज शेकडो भाकरी थापून घेतल्या, रेशनच्या दुकानावर बायकांना घेऊन मोर्चे नेले, आणि प्रत्येक निवडणुकीत या पेठेतल्या मतदार याद्यांवर खुणा तिच्याच हातच्या. २०२४ च्या विधानसभेआधी पक्षानं इच्छुकांचे अर्ज मागवले, तेव्हा तिनं अर्ज केला. कुणाला न विचारता केला, हे विशेष.

मुलाखतीच्या दिवशी बाकीचे इच्छुक गाड्यांचे ताफे घेऊन, हलगी वाजवत आले. ही दोन मैत्रिणींना घेऊन रिक्षानं गेली. आत चार जण बसले होते. पहिला प्रश्न, खर्चाची तयारी किती? दुसरा, घरात आधी कुणी राजकारणात आहे का? आणि तिसरा, मिस्टरांची संमती आहे का? ही म्हणाली, ‘संमती लग्नात घेतली की एकदा. आता परत कशाला?’ चौघेही हसले. मुलाखत संपली.

‘पाच मिनटांत भायेर आलो बघ,’ ती मला सांगत होती. (पुण्या-मुंबईच्या वाचक मैत्रिणींसाठी सांगते, आम्ही कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो, मी जातो’ असंच बोलतो. बोलण्यात तरी आम्ही बरोबरी कधीच गाठली आहे!)

‘आणि फाईलीचं काय झालं?’ मी विचारलं. तिनं कामाचे फोटो, कात्रणं, बचतगटांची यादी अशी फुगलेली फाईल दिली होती.

‘फाईल ठेवून घेतली.’

‘पोचपावती?’

‘पोचपावती कुठली देतायत, अक्का? साधं नाही म्हणून तरी कोण सांगितलं? पेपरात नाव आलं दुसऱ्याचं, तवा मला कळलं.’

मला त्या पोचपावतीनं पछाडलंय. गॅसचा नंबर लावला तरी आपल्याला पावती मिळते. वीस वर्षं राबलेल्या बाईच्या उमेदवारीच्या अर्जाला मिळत नाही. नाकारलं का, कुणी नाकारलं, किती अर्ज आले होते, त्यांत बायका किती, यांतलं काहीही कागदावर नाही. ज्याची नोंदच नाही त्याच्याविरुद्ध दाद तरी कुठे मागायची?

ही एका कार्यकर्तीची गोष्ट झाली. पण ज्या बाईकडे आमदारकी आहे तिचं तरी काय होतं? आपल्याच कोल्हापूर उत्तर मतदारसंघाचं उदाहरण आहे, आणि ते सगळ्या वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं असल्यानं नावानिशी सांगता येतं.

काँग्रेसचे आमदार चंद्रकांत जाधव डिसेंबर २०२१ मध्ये वारले. एप्रिल २०२२ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी जयश्री जाधव अठरा हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या. त्या स्वतः आधी नगरसेविका होत्या, पण प्रचारभर त्यांची ओळख एकच होती, अण्णांच्या पत्नी. २०२४ ला विद्यमान आमदार असूनही त्यांना उमेदवारी मिळाली नाही. पक्षानं आधी राजेश लाटकर यांचं नाव जाहीर केलं. पक्षातूनच विरोध झाला, तेव्हा दोन-तीन दिवसांत ते बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांचं नाव आलं. लाटकरांचा अपक्ष अर्ज तसाच राहिला. जयश्री जाधव शिंदे यांच्या शिवसेनेत गेल्या. आणि ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, मुदत संपता संपता मधुरिमाराजेंनी माघार घेतली. मतदान यंत्रावर पंजा हे चिन्हच उरलं नाही. मग काँग्रेसनं लाटकरांनाच पाठिंबा दिला. २३ नोव्हेंबरला निवडून आले ते शिवसेनेचे राजेश क्षीरसागर.

त्या दिवसांत चौकाचौकात, चहाच्या गाड्यावर हीच चर्चा होती. कोण कुणावर चिडलं, कुणी कुणाला तोंडघशी पाडलं, कुणाचा गेम झाला. जणू खासबागेतली कुस्तीच. मला मात्र त्या दहा-बारा दिवसांत वेगळंच खुपत होतं. एकीची आमदारकी गेली, दुसरीला उमेदवारी मिळाली आणि सुटली, आणि या सगळ्या उलथापालथीत पक्षाच्या एकाही साध्या सभासदाला, मतदार तर लांबच, कुणी एका शब्दानं विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही.

दोघींबद्दल बोलताना ‘घराणेशाही’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटले. मधुरिमाराजे या खासदार शाहू छत्रपतींच्या स्नुषा, माजी आमदार मालोजीराजेंच्या पत्नी आणि माजी मंत्री दिग्विजय खानविलकर यांच्या कन्या, हे खरंच आहे. चंदगडला २०१३ मध्ये पतीच्या निधनानंतर आमदार झालेल्या संध्यादेवी कुपेकर आणि २०२४ ला तिथूनच लढून हरलेल्या त्यांच्या कन्या नंदिनी बाभूळकर, यांच्याबद्दलही हेच बोललं गेलं. पण त्याच निवडणुकीत कोल्हापूर दक्षिणमधून अमल महाडिक, इचलकरंजीतून राहुल आवाडे निवडून आले, करवीरमधून राहुल पाटील लढले, तेही राजकारणातल्या वडिलांचे मुलगेच होते. मुलगा आला की ‘वारसा’ आणि सून आली की ‘घराणेशाही’? माझी तक्रार त्या बायकांविषयी नाही. माझी तक्रार अशी आहे की बाईला आत यायला घराण्याचं एकच दार उघडं आहे, आणि तेही बहुतेक वेळा घरातला पुरुष गेल्यावर उघडतं. माझ्या मैत्रिणीचे मिस्टर सुखरूप आहेत, रोज सकाळी रंकाळ्याला चालायला जातात. तिनं करायचं काय?

कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेच्या दहा जागा. २०२४ ला दोन्ही मोठ्या आघाड्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत रिंगणात राहिलेली बाई एक, चंदगडची. निवडून आलेले दहाही पुरुष. राज्यात २८८ पैकी बायका २१, म्हणजे २०१९ च्या २४ पेक्षाही तीन कमी. रिंगणात चार हजारांवर उमेदवार होते, त्यांत बायका चारशेसुद्धा नव्हत्या. ‘बायका निवडून येत नाहीत’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी हा शेवटचा आकडा आधी वाचावा. उभ्याच केल्या नाहीत तर निवडून येतील कुठून?

बरं, या गावात बायकांना कारभार येत नाही असं म्हणायची सोय नाही. महापालिकेच्या २०१५ ते २०२० या एका मुदतीत, अश्विनी रामाणेंपासून निलोफर आजरेकरांपर्यंत, महापौरपदावर एकामागून एक बायकाच बसल्या. कुणाला काही महिने, कुणाला वर्ष, पदाची वाटणी अशी की खुर्ची ऊबदार व्हायच्या आत उठायची वेळ. त्यांतल्या सुरमंजिरी लाटकर २०१९ मध्ये महापौर झाल्या आणि २०२४ ला विधानसभेसाठी ज्यांचं नाव आधी जाहीर झालं ते राजेश लाटकर त्यांचे पती. ते स्वतः जुने नगरसेवक आहेत, त्यांच्या पात्रतेविषयी मला काही म्हणायचं नाही. पण एका मुदतीत एवढ्या महापौर झाल्या, त्यांतली एकही विधानसभेसाठी पक्षाला आठवू नये? आरक्षण असलेल्या पायरीपर्यंत बाई, आणि आरक्षण संपलं की पुन्हा पुरुष, असा हा जिना आहे. आणि गाव कुठलं, तर ताराराणींचं. कावळा नाक्यावर त्या घोड्यावर बसलेल्या आहेत, महापालिकेत त्यांच्या नावाची आघाडीसुद्धा चालली!

उमेदवारी म्हणजे शेवटी दोन कागद असतात, ए आणि बी फॉर्म. पक्षातर्फे सही करायचा अधिकार कुणाला हे ए फॉर्म सांगतो, उमेदवार कोण हे बी फॉर्म. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ते निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले पाहिजेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एकच लागतो, अपक्षाला दहा. निवडणुकीतल्या एकेका गोष्टीला कायदा आहे: अनामत किती, खर्च किती, भोंगा किती वाजेपर्यंत. मात्र त्या बी फॉर्मवर नाव कसं यावं, याला कायदा नाही. तो पक्षाचा ‘अंतर्गत प्रश्न’. नवरा-बायकोतली मारहाण हासुद्धा एके काळी घराचा अंतर्गत प्रश्नच होता, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

दुसरीकडे काय आहे? अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी एक निवडणूक होते, ‘प्रायमरी’ म्हणतात. पक्षाचे मतदार मत देतात, हरलेला बाजूला होतो. आपल्याकडे काँग्रेसनं २०१४ च्या लोकसभेला मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला, महाराष्ट्रात लातूरलाही. पण तिथे मत होतं ते मुख्यतः पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना, आणि पदाधिकाऱ्यांत बायका किती असतात ते तुम्ही-आम्ही जाणतो. लातूरची जागा त्या वेळी पडली, आणि प्रयोग मागे पडला. शिवाय प्रायमरी आली की बायका आल्या, असंही नाही. अमेरिकेच्या संसदेत अजून एक तृतीयांशही बायका नाहीत, कारण ती आधीची निवडणूक लढायलासुद्धा पैसाच लागतो. म्हणून मला नुसत्या प्रायमरीचं अप्रूप नाही.

इंग्लंडच्या मजूर पक्षानं केलं ते मला जास्त कामाचं वाटतं. १९९३ मध्ये त्या पक्षानं ठरवलं, जिंकण्याजोग्या मतदारसंघांपैकी निम्म्यांत उमेदवारीच्या अंतिम यादीत फक्त बायका ठेवायच्या. पुरुष न्यायालयीन लवादाकडे गेले, १९९६ मध्ये ती पद्धत बेकायदा ठरली, पण तोवर कितीतरी जणींची निवड होऊन गेली होती. १९९७ च्या निवडणुकीत त्या एका पक्षाच्या १०१ बायका संसदेत पोचल्या. पुढे २००२ मध्ये कायदाच बदलला. देशाची घटना नव्हे, एका पक्षानं स्वतःचा नियम बदलला होता.

आपल्याकडेही अशी उदाहरणं आहेत. २०१९ च्या लोकसभेला ओडिशात बिजू जनता दलानं २१ पैकी ७ जागा बायकांना दिल्या, पश्चिम बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसनं चाळीस टक्क्यांच्या वर. त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट बघावी लागली नाही. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसनं चाळीस टक्के तिकिटं बायकांना दिली. तिथे पक्षाच्या हाती एकूण दोनच जागा लागल्या, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. जिथे हरणारच आहोत तिथे बायका, आणि जिथे जिंकायचंय तिथे ‘सक्षम उमेदवार’, असा हिशेब पक्ष करतात की काय अशी शंका मला येते. म्हणून किती तिकिटं एवढंच विचारून भागणार नाही. कुठली तिकिटं, हेही विचारायला हवं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १९८९ मध्ये शेतकरी महिला आघाडीनं ग्रामपंचायतींत अख्खी पॅनेलं बायकांची उभी केली. विटनेर, मेटीखेडा ही नावं त्या काळच्या कार्यकर्त्या अजून काढतात. तेव्हा घटनेतलं आरक्षण यायचं होतं.

कायद्याचं म्हणाल तर, संसदेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागांचं विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये आलं. सत्तावीस वर्षं ते मांडलं गेलं, फाडलं गेलं, लांबवलं गेलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालं. लोकसभेत विरोधात मतं फक्त दोन. आम्ही त्या दिवशी याच सोप्यात पेढे वाटले. मग रात्री बारीक अक्षरं वाचली: जनगणना, त्यानंतर मतदारसंघांची फेररचना, आणि मगच आरक्षण. २०२४ ची विधानसभा त्याविनाच झाली. ज्या पक्षांनी एकमुखानं हात वर केले, त्यांना २८८ पैकी ९६ जागी बायका उभ्या करायला त्या वर्षी कुणी अडवलं होतं का? हात वर करणं फुकट असतं. तिकीट देताना कुणाचं तरी काढून घ्यावं लागतं.

‘निवडून येण्याची क्षमता’ हा शब्द त्या बंद खोलीत फार चालतो. त्याचा सरळ अर्थ पैसा. विधानसभेला अनामत दहा हजार. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी सवलत आहे आणि ती हवीच, पण बाई म्हणून काही सवलत नाही. खर्चाची कायदेशीर मर्यादा चाळीस लाख. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, घर नाही, मंगळसूत्रसुद्धा सासूच्या कपाटात, तिनं क्षमता कुठून आणायची? पण मग हाच नियम सगळीकडे का नाही? गल्लीतलं मतदान दुपारी बारापर्यंत खेचून आणायची क्षमता बाईची, आणि तिला मात्र तिकिटाच्या वेळी किंमत शून्य!

पक्ष आपल्याकडे कसे बघतात याचा एक नमुना याच गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पाहिला. ऑगस्टपासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना दीड हजार रुपये खात्यात यायला लागले होते. भाजपचे खासदार धनंजय महाडिक प्रचारसभेत म्हणाले की, हे पैसे घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा, नावं द्या. गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली, विषय संपला. माझ्यापुरता संपला नाही. मला त्या पंधराशे रुपयांविषयी तुच्छता नाही. ज्यांना शहाणपण सुचतं त्यांनी धुण्याभांड्याच्या चार घरांचा हिशेब करून बघावा. पण दीड हजार घेणारी बाई कुठल्या सभेला जाते यावर नजर ठेवायचं सुचतं, आणि तीच बाई उमेदवार असू शकते हे सुचत नाही. आणि दुसऱ्या बाजूचे लोक त्या वक्तव्यावर तावातावानं बोलले, पण त्यांच्याही यादीत बाई एकच होती.

बैठकीत एकीनं मला अडवलं. म्हणाली, ‘आल्या बायका निवडून, तरी बोलतात कुठे? पक्ष सांगेल तिथे हात वर करतात.’ खरं आहे. पुरुष आमदारही तेच करतात, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मी तिला एवढंच म्हटलं की, ज्या बाईचं तिकीट एका माणसाच्या मर्जीवर आलं ती त्या माणसासमोर तोंड कसं उघडेल? पेठेतल्या शे-दोनशे सभासदांच्या मतानं आली असती तर कदाचित उघडलं असतं. आमचं यावर एकमत झालं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा भांडू.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं जमलं. आम्ही सर्व पक्षांच्या जिल्हा कार्यालयांना पत्र लिहिलं आहे. मागणी लहान आहे. इच्छुकांकडून अर्ज घेतला की पोचपावती द्या. मुलाखतीच्या मंडळात निम्म्या बायका बसवा. अर्ज किती आले आणि त्यांत बायका किती, हे जाहीर करा. नाकारलेल्या प्रत्येकीला कारण लेखी कळवा. आणि मागच्या वेळी जिंकलेल्या किंवा थोडक्यात हरलेल्या जागांपैकी किती बायकांना देणार, ते २०२९ च्या आधी, आत्ताच सांगा. ‘मिस्टरांची संमती’ हा प्रश्न मुलाखतीतून काढून टाका, हेही लिहायचं होतं. आमची मैत्रीण म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे. पुढच्या खेपेला मी त्यास्नीच इच्यारतो, तुमच्या मिसेसची हाय का?’

ती पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी फाईलीच्या दोन प्रती काढल्यात, एक माझ्याकडे ठेवली आहे.

पुढच्या अंकात पक्षांच्या उत्तरांसाठी दोन पानं राखून ठेवली आहेत. ज्या पक्षाचं उत्तर येणार नाही, त्याच्या नावाखाली जागा कोरी सोडून तशीच छापणार आहोत. तुमच्यापैकी ज्यांनी कुठल्याही निवडणुकीला तिकीट मागितलं असेल, मिळालं असेल वा नसेल, त्यांनी आत काय विचारलं गेलं ते आम्हाला लिहून पाठवा. पोस्टकार्ड चालेल, नाव नको असेल तर तेही चालेल. पाठवल्याची पोच मात्र आम्ही नक्की देऊ.